चौथ्या दिवसाचं तेल

डॉक्टरनं विचारलं, धंदा काय?
म्हटलं, भजे.
तो हसला नाही.

पडद्यावर माझी नस दिसत होती
गाळ बसलेल्या पाटासारखी,
पाणी होतं, पण बांधीपर्यंत पोचत नव्हतं.
उरलेल्या तेलाचं काय करता?
ओततो, म्हटलं.
कुठं ओततो ते नाही सांगितलं.
दुसऱ्या दिवशीच्या कढईत, मग तिसऱ्या,
चौथ्या दिवशी त्याला फेस येतो,
गुरुवारच्या गर्दीत फेस कोण बघतं.

घरी दुर्पतानं चिठ्ठी वाचली नाही, मोजली.
चौघांचं घर, माणशी महिन्याला अर्धा लिटर.
लेकीची लाल नेलपॉलिश घेतली
आणि तेलाच्या डब्यावर
चार रेघा ओढल्या, चार आठवड्यांच्या.
"याच्या खाली तेल गेलं,
त उकडलेलं खा."
फौजदाराच्या काठीला मी भ्यालो नव्हतो कधी.

तेल कोणतं घ्यावं, यावर गावात सात मतं.
किराणावाला लांजेवार म्हणाला,
"हे न्या, पुड्यावर दिलाचं चित्र हाय."
म्हटलं, माह्या माचिसवर घोडा हाय,
तो का धावते?

घाणीवर तुळशीरामनं तळहातावर थेंब टाकला.
हुंग, म्हणाला.
धान कापल्यावरची ओल,
तिच्यात निळी फुललेली जवस,
असा काहीसा वास.
"हे तळाले नाही. चटनीवर कच्चं घ्या.
पाव लिटरच न्या, ठेवलं त खवट होते.
फोडनीले करडी, कधी शेंगदाना, आलटून-पालटून.
पन पळी तेवढीच राहू द्या, भाऊ.
तेल चांगलं म्हनून दोन पळ्या टाकल्या
त घानी माही चालते,
काळीज तुमचं नाही."

मग गुरुवार.
कढईत सोमवारपासूनचं तेल, वर निळसर धूर.
पोस्टातले रूपचंद रहांगडाले आले,
चष्मा काढताना खिशातून कागद पडला.
तेच आडवंतिडवं अक्षर,
तोच डॉक्टर.
"एक प्लेट," ते म्हणाले, "घरी नको सांगू."

झारा हातातच राहिला.
गॅस बंद केला, ऐन साडेअकराला.
लोक ओरडले, एकानं बेसनाचं घमेलं दाखवून
शिवी घातली.
कढई निवायला पाऊण तास लागतो
हे मला सव्वीस वर्षांत माहीत नव्हतं.
तिला कधी निवू दिलंच नव्हतं.

काळं तेल सुकऱ्यानं नेलं,
खासराच्या आसाला ओंगण म्हणून.
म्हणतो, चाक आता बोलत नाही.

प्लेट पाच रुपयांनी महागली.
अर्धी गिऱ्हाईकं पलीकडच्या ठेल्यावर गेली.
तिथल्या कढईचा रंग मला इथून दिसतो,
आणि ते ठेलेवाले माझ्याकडे बघून
हसतात, तेही दिसतं.
रूपचंद येतात. प्लेट नाही मागत,
दोन भजे मागतात,
कागदात दाबत बसतात
जणू पत्रावर शिक्का मारताहेत.

रात्री गरम भात, जवसाची चटणी,
वर कच्च्या तेलाचा एक चमचा.
तेवढ्यानं पोट भरतं असं नाही.
तळलेल्याची आठवण येते
झोपेत, कधी कधी वासासकट.

एकदा, सगळे झोपल्यावर,
मी तिसरी रेघ नखानं खरवडली
आणि दोन बोटं खाली
कुंकवानं नवी ओढली.
सकाळी दुर्पता काही बोलली नाही.
वांग्याची भाजी केली, बिनतेलाची,
ताटात वाढली.
डब्यावर कुंकू नव्हतं,
आणि जुन्या जागी
लाल रेघा दोन होत्या.